टिनाच्या घरात कासवाला रात्रभर ऊब कशी द्यायची?

संत्राबाग_काटोल

नमस्कार. आम्ही काटोल तालुक्यातले. घर जुनं आहे. समोरच्या दोन खोल्या स्लॅबच्या, मागे स्वयंपाकघर अन् सपरी, त्यावर टिना. माझ्या धाकट्या दिराने पुण्यात असताना एक कासव पाळलं होतं, सुलकाटा जातीचं, आफ्रिकेकडलं. त्याची बदली झाली, नव्या घरमालकाने जनावर चालणार नाही म्हणून सांगितलं, आणि दिवाळीत गोट्या आमच्याकडे आला. कागदपत्रं आहेत, परिवेश पोर्टलवर, म्हणजे परदेशी जनावरांची सरकारी नोंद होते तिथे, दिराच्या नावाने नोंद आहे. त्यामुळे त्यावरून कोणी सुरू होऊ नका.

गोट्या तळहातापेक्षा जरा मोठा. किराण्याच्या काट्यावर साडेचारशे ग्रॅम भरला. आला तेव्हा अंगणभर फिरायचा. तुळशीमागची हरळी अशी तोडायचा की ओसरीवर बसून आवाज ऐकू यायचा. आता मार्गशीर्ष लागला. सकाळी बादलीतल्या पाण्याला हात लावता येत नाही, टिनावरून आतल्या बाजूने दव टपकते. गोट्या कोपऱ्यात भिंतीला तोंड लावून बसतो. दहा वाजले तरी डोळे उघडत नाही. पाय धरला तर आत ओढतो, पण इतका सावकाश की मलाच भीती वाटते. खाणं जवळपास बंदच.

सासूबाई म्हणतात, "कासव आहे ते, झोपतेच. आपल्या तलावातले चिखलात जाऊन पडत नाही काय?" रोज सकाळी महादेवाच्या देवळातल्या कासवासारखं याच्याही पाठीवर हळदीकुंकू वाहतात. यांनी बल्ब लावून दिला, नऊ वॅटचा एलईडी. उजेड पडला, बाकी काही नाही. पोरगी रात्री तिची जुनी शाल त्याच्यावर पांघरते.

दिराला फोन केला तर तो म्हणतो पुण्याच्या फ्लॅटमध्ये असं कधी झालंच नाही. त्याने एक काचेची पेटी पाठवली आहे, वरून उघडी. ती वापरू का? खोलीतला हीटर रात्रभर लावणं परवडत नाही आणि लाइनचा भरवसा नाही. आमच्याकडे थ्री फेजचं वेळापत्रक कसं असते ते तुम्हाला माहीतच आहे, घरची लाइनसुद्धा त्यातच लपाछपी खेळते. गावात मिळेल अशा सामानात काही करता येते का?

पारशिवनी_पोट्टा

ताई, शेगडीत कोळसे करा अन् खोलीत ठेवून द्या, दार लावा. आमच्याकडे बकरीच्या पिल्लांना असंच करते. नाहीतर चुलीजवळ ठेवा रात्रभर. साडेचारशे ग्रॅमचा पाहुणा अन् एवढे नखरे, कमाल आहे बाप्पा.

मौद्याचा_कोंबडीवाला

ताई, पोट्ट्याचं ऐकू नका. बंद खोलीत कोळशाची शेगडी म्हणजे कासवाआधी माणसं जातील. दर हिवाळ्यात पेपरात तशी बातमी येते. अन् चुलीजवळ ठेवलं तर एका बाजूने भाजेल, दुसऱ्या बाजूने गारठेल, वरून धूर.

मी कासववाला नाही, कोंबडीवाला आहे. मौद्याजवळ माझं शेड आहे, आणि पुतणीकडे दोन सुलकाटा आहेत. त्यांची हिवाळ्याची सोय मीच लावून दिली. हे काम आम्हा लोकांना नवीन नाही. एक दिवसाचं पिल्लू येते तेव्हा त्याला पहिल्या आठवड्यात ३५ डिग्री लागते, मग दर आठवड्याला थोडी थोडी कमी. बाहेर जानेवारीची रात्र आणि वर टिनपत्रा. म्हणजे तुमचा जो प्रश्न आहे तोच आमचा धंदा आहे.

आधी सासूबाईंचं. त्या तलावातल्या कासवाबद्दल बोलून राहिल्या ते खोटं नाही. आपल्याकडचं तलावातलं कासव पाणी आटलं की चिखलात गाडून घेते आणि पाण्याची वाट पाहते. पण ते आपलं. तुमचा गोट्या सहाराच्या दक्षिणेकडच्या कोरड्या पट्ट्यातला, सेनेगलपासून इथिओपियापर्यंतचा. त्याच्या रक्तात हिवाळ्याची झोपच नाही. तिकडे ऊन जास्त झालं की नाहीतर रात्र थंड झाली की तो जमिनीत लांब बीळ खणून आत जाते, कारण आत तापमान फार वरखाली होत नाही. तेव्हा तुमच्या कोपऱ्यात तो झोपलेला नाही, गारठून बंद पडला आहे. अन् पोटात आधी खाल्लेलं असेल तर ते पचत नाही, आतच सडते.

पोरीला शाल काढून घ्यायला सांगा, प्रेमाने सांगा. वाकळ आपल्याला ऊब देते कारण ऊब आपल्या अंगातून निघते, वाकळ ती फक्त अडवते. कासवाच्या अंगात स्वतःची ऊब तयार होत नाही. थंड कासवावर शाल टाकली तर सकाळचं कोवळं ऊनही त्याच्यापर्यंत पोचत नाही, तो आणखी उशिरा गरम होते.

आता मुद्द्याचं. लोक विचारतात किती वॅटचा बल्ब लावू. माझ्या मते तो दुसरा प्रश्न आहे. पहिला प्रश्न, तुमची पेटी ऊब धरून ठेवते का? वरून उघड्या काचेच्या पेटीत दोनशे वॅट लावा, सगळी गरम हवा वर जाऊन तुमचं टिन तापवेल आणि टिन ती आभाळाला देऊन टाकेल. निरभ्र रात्री टिन बाहेरच्या हवेपेक्षाही थंड होते, दव त्यामुळेच टपकते. काचेची पेटी दिराला परत पाठवा नाहीतर त्यात पोरीची पुस्तकं ठेवा. कासवाला काच समजतही नाही, दिवसभर ढुशा मारत बसते.

लाकडाची पेटी करा. तुमच्या पट्ट्यात संत्र्याच्या पेट्यांची फळी स्वस्त मिळते, पण तिच्या फटी भल्ल्या असतात, आतून प्लाय नाहीतर जाड पुठ्ठा मारून घ्या. चार फूट लांब, अडीच फूट रुंद, दीड-दोन फूट उंच. आज तळहाताएवढा आहे म्हणून लहान करू नका, हे जनावर पन्नास किलोच्या पुढेही जाते, दिराने हे तुम्हाला सांगितलं का? बाहेरच्या तिन्ही बाजूंना अन् तळाखाली थर्मोकोल लावा. मासे विकणाऱ्याकडे बर्फाचे जुने डबे असतात, ते कापून घ्या, धुवून. थर्मोकोल बाहेरूनच लावा, आत लावला तर तो खाईल. तळाला विटा देऊन पेटी जमिनीपासून वर उचला. सिमेंटची फरशी रात्री जेवढी ऊब ओढते तेवढी हवाही ओढत नाही.

वर झाकण पाहिजेच. एक तृतीयांश भाग जाळीचा, बाकी लाकडाचा. पूर्ण बंद करू नका. आमच्याकडे नवीन पोरं थंडीत शेडचे सगळे पडदे खाली सोडून देतात, सकाळी आत गेलं की अमोनियाने डोळे झोंबतात, चार दिवसांत पिल्लं शिंकायला लागतात. कासवाच्या मुताचंही तसंच.

बल्ब. एलईडी ऊब देत नाही, त्याचा गुणच तो. दिवसा उजेड अन् ऊब दोन्ही देणारा जुना तारेचा बल्ब, साठ किंवा शंभर वॅटचा, कोंबड्यांच्या सामानाच्या दुकानात अजून मिळते. रात्री मात्र उजेड नको, नाहीतर त्याला दिवसरात्र कळणार नाही. त्यासाठी सिरॅमिकचा हीटर बल्ब येते. दिसायला पांढरं-काळं लट्टू, उजेड शून्य, ऊब भरपूर. साठ ते शंभर वॅटचा ऑनलाइन मागवा. दोन गोष्टी लक्षात ठेवा. तो आट्याचा असते, आपले घरातले होल्डर खिट्टीचे, म्हणजे होल्डर वेगळा घ्यावा लागते. आणि होल्डर चिनी मातीचाच घ्या, प्लास्टिकचा वितळते. बल्ब एका टोकाला लावा, मधोमध नाही. बल्बला लोखंडी जाळीचं पिंजरं करा आणि होल्डर साखळीने बांधा, नुसता वायरवर लोंबकळत सोडू नका. खाली अंथरलेल्या कोकोपीटवर, म्हणजे नारळाच्या भुशावर, गरम बल्ब पडला तर काय होते ते मी सांगायला नको.

एका टोकाला का, तर त्याला निवड पाहिजे. बल्बच्या बरोबर खाली दिवसा ३५ च्या आसपास, त्या टोकाला ३०, दुसऱ्या टोकाला २५-२६. रात्री या वयात २५ च्या खाली जाऊ देऊ नका. तो स्वतः ठरवेल कुठे बसायचं. खालून गरम करणाऱ्या चटया विकतात त्या घेऊ नका. ऊन वरून येते, कासवाला वरून तापायची सवय आहे, खालून चटका बसून राहिला तरी तो वेळेवर उठत नाही, पोट भाजते.

आणि थर्मोस्टॅट. याच्याशिवाय सगळं व्यर्थ. अंडी उबवायची मशीन बनवणारे जो वापरतात तोच, वायरच्या टोकाला तापमान मोजणारी प्रोब असलेला. पाचशेच्या आत येते. अंड्यांना आम्ही साडेसदतीसवर लावतो, तुम्ही २७ ला चालू अन् २९ ला बंद असा लावा. प्रोब भिंतीवर वर टांगू नका. कासवाची पाठ जेवढी उंच, तेवढ्या उंचीवर, बल्बपासून हातभर दूर, क्लिपने पक्की बसवा. नाहीतर गोट्या ती ओढत थंड टोकाला नेईल अन् बल्ब रात्रभर बंदच होणार नाही. वेगळं एक साधं थर्मामीटर थंड टोकाला ठेवा. कोंबडीची पिल्लं बोलतात हो, थंडी लागली की बल्बखाली ढीग करतात आणि कलकलाट करतात, गरम झालं की भिंतीला जाऊन चोची उघडतात. डोळे मिटून कळते. कासव तक्रारच करत नाही, म्हणून थर्मामीटरवर विश्वास ठेवावा लागते.

बिलाची काळजी करत असाल तर हिशेब करा. शंभर वॅट चोवीस तास सलग म्हणजे २.४ युनिट. पेटी नीट असली तर थर्मोस्टॅट त्याला निम्म्या वेळ बंदच ठेवते. खोली तापवणारा दोन हजार वॅटचा हीटर एका तासात दोन युनिट खाते.

खाली धानाचं तूस टाकू नका, आम्ही कोंबड्यांना टाकतो पण त्याची धूळ लय असते आणि कासव ते गिळते. कोकोपीटमध्ये थोडी माती मिसळा, खालचा थर जरासा ओलसर राहू द्या. ऊब असताना ओलावा चांगला, थंडीतला ओलावा घातक. एका कोपऱ्यात उलटं टोपलं ठेवा, बीळ समजून आत शिरेल.

बाकी हळदीकुंकू राहू द्या, सासूबाईंचं मन मोडू नका. फक्त डोळ्यांत अन् नाकात जाऊ देऊ नका, आणि संध्याकाळी ओल्या फडक्याने पुसा. तेल मात्र बिलकुल नको.

संत्राबाग_काटोल

काका, एवढं सविस्तर लिहिलंत, यांना मोठ्याने वाचून दाखवलं. पन्नास किलोचं ऐकून सासूबाई हसायच्या थांबल्या नाहीत. दिराने ते सांगितलं नव्हतं, आज रात्री फोन आहे त्याला.

दोन शंका. लाइन गेली तर काय? मागच्या महिन्यात डीपी जळाली तर तीन दिवस अंधार होता. आणि सकाळपासून त्याच्या नाकाच्या एका भोकातून बारीक बुडबुडा येते. खाल्लेलं नाही म्हणून देऊन पाहावं का? गावात गुरांचे डॉक्टर येतात, त्यांना दाखवू?

पशुवैद्य_अमरावती

ताई, बुडबुडा म्हणजे सर्दी छातीकडे चालली असू शकते. हे थांबून पाहण्यासारखं नाही. कासवाला आपल्यासारखा पोट आणि छाती वेगळं करणारा पडदा नसतो, त्याला जोरात खोकून कफ बाहेर टाकता येत नाही. आत साठलं की साठलंच. मान लांब करून, तोंड उघडं ठेवून श्वास घ्यायला लागला, श्वासाला शिट्टीसारखा आवाज आला, तर त्याच दिवशी हलवा. नागपूरला सेमिनरी हिल्सवरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाच्या दवाखान्यात न्या, काटोलहून दीड तासाच्या आत पोचाल. नेताना खोक्यात कापडात गुंडाळलेली कोमट पाण्याची बाटली ठेवा, बसच्या खिडकीचा वारा लागू देऊ नका.

गावात येणाऱ्या डॉक्टरांना दाखवायला हरकत नाही, ते माझेच सहकारी आहेत. पण एक गोष्ट तुम्ही स्वतः लक्षात ठेवा आणि त्यांनाही आठवण करून द्या: आयव्हरमेक्टिन नको. बकऱ्या-गुरांना गोचीड-जंतासाठी ते सर्रास टोचलं जातं, प्रत्येकाच्या बॅगेत असतं. कासवाला ते विष आहे, लकवा होऊन मरतं. जंताचं औषध द्यायचंच तर वेगळं असतं. दुसरं, इंजेक्शन दिलं तर पुढच्या पायात, मागच्या नाही. मागच्या भागातलं रक्त आधी मूत्रपिंडाकडून फिरतं, औषध वाया जाऊ शकतं. घरातलं सर्दीचं सिरप, पॅरासिटामॉल, लेकराचे नाकातले थेंब, काही देऊ नका.

आजारी असताना रात्रीही २९-३० ठेवा, थंड टोक विसरा. त्याची रोगाशी लढायची ताकद आणि औषधाचा गुण, दोन्ही अंगाच्या उबेवर चालतात. गारठलेल्या कासवाला महागातलं अँटिबायोटिक देऊन उपयोग नाही.

खाऊ जबरदस्तीने घालू नका. आधी ऊब, मग पाणी, मग खाणं, हा क्रम. पेटीत अर्धा दिवस चांगला तापला की पसरट परातीत कोमट पाणी घ्या, आपल्या कोपराला कोमट लागेल एवढं, आणि हनुवटीपर्यंतच. पंधरा-वीस मिनिटं. तो पाणी पिईल आणि बहुतेक त्यातच शी-शू करेल. पांढरं लोण्यासारखं काही पडलं तर घाबरू नका, ते तसंच असतं. तेच खरखरीत वाळूसारखं असेल तर पाणी कमी पडतंय. मग कोरडं पुसून लगेच पेटीत. थंडीत ओलं कासव बाहेर ठेवू नका.

भूक आल्यावर हरळी, शेवग्याचा पाला, जास्वंदाची पानं-फुलं, काटे काढलेलं फड्या निवडुंग. पोळी नको, डाळ नको, भिजवलेले हरभरे नको. आणि तुम्ही काटोलच्या, म्हणून सांगतो, संत्रं नको.

दर आठवड्याला त्याच किराण्याच्या काट्यावर वजन करून कॅलेंडरवर लिहा. डोळ्याला दिसण्याआधी काट्याला दिसतं.

नवेगावकर

मध्येच घुसतो, माफ करा. आमच्या मामांकडे घरात एक कासव आहे, पाठीवर पिवळ्या चांदण्या. कोणीतरी "घरात लक्ष्मी येते" म्हणून दिलं. तेही सध्या असंच गारठून बसते. त्यालाही हीच पेटी चालेल का?

वाघोबा_नवाज

चालेल, वनखात्याचा माणूस येईपर्यंत. पिवळ्या चांदण्यांचं म्हणजे तारांकित कासव. ते आपल्या देशातलं वन्यजीव आहे. वन्यजीव कायद्यात २०२२ ला दुरुस्ती झाली, १ एप्रिल २०२३ पासून लागू आहे, त्यात ते अनुसूची एकमध्ये आहे. म्हणजे वाघ ज्या यादीत, त्याच यादीत. घरात ठेवताच येत नाही, नोंदणी वगैरे पर्यायच नाही. ताईंचं सुलकाटा परदेशी आहे, म्हणून त्याला परिवेशवर नोंदवून ठेवता येते. दोन्हींची गल्लत करू नका.

मामांना १९२६ वर फोन करायला सांगा, वनखात्याचा टोल फ्री नंबर आहे. जंगलात नेऊन सोडू नका हं. तारांकित कासव आपल्या नवेगावच्या जंगलातलं नाहीच, इतकी वर्षं घरात राहिलेलं ते काय टिकणार. नागपूरला वन्यप्राण्यांसाठी ट्रान्झिट ट्रीटमेंट सेंटर आहे, तिकडे ते बघतील. तोपर्यंत उबेत ठेवा. लक्ष्मी यायची ती येईल.

मौद्याचा_कोंबडीवाला

डॉक्टरसाहेबांनी आयव्हरमेक्टिनचं सांगितलं ते फार बरं झालं. मला माहीत नव्हतं असं नाही, पण गावात ते सांगणारं कोणी नसते.

ताई, लाइनचं. माझ्या शेडात पिल्लांना ऊब द्यायचं गॅसचं ब्रूडर आहे, ते तुमच्या घरात नको. इन्व्हर्टर असेल तर शंभर वॅट तो चारपाच तास आरामात ओढते, फक्त त्यावर टीव्ही अन् पंखे चालवू नका. नसेल तर गरम पाणी. कोल्ड्रिंकच्या दोन लिटरच्या चार बाटल्या घ्या. पाणी उकळतं नाही, हात लावला तर चटका बसेल पण धरता येईल एवढं. उकळतं टाकलं तर बाटली आकसून वाकडी होते. प्रत्येक बाटली जुन्या मोज्यात नाहीतर टॉवेलात गुंडाळा आणि पेटीच्या दोन बाजूंना उभ्या करा, कासवाला खेटून नाही, त्याला सरकायला जागा पाहिजे. वरून सगळ्या पेटीवर पोरीची ती शाल टाका, आता तिचा उपयोग आहे, कारण आत ऊब आहे. थोडी फट ठेवा. थर्मोकोल नीट बसला असेल तर तीन-चार तास निघतात, मग पाणी बदला. चूल पेटवायला पऱ्हाट्या आहेतच.

डीपी जळून तीन दिवस गेले तर मात्र दिवस वापरून घ्या. आपल्याकडे थंडीची गंमत अशी की रात्री ८ अन् दुपारी २८. २०१८ च्या डिसेंबरअखेर नागपुरात पारा ३.५ वर आला होता, तेव्हाही दुपारी ऊन होतं. साधारण अकरा ते तीन अंगणात ठेवा, वारा न लागणाऱ्या भिंतीच्या कडेला. अर्धी जागा सावलीची पाहिजे. टबात ठेवून उन्हात सोडू नका, टबाचं तळ तापते अन् त्याला पळता येत नाही. वरून जाळी टाका, कावळा अन् मुंगूस दोन्ही टपलेले असतात, कुत्र्याचं तर सोडाच. चार वाजायच्या आत आत आणा, आपलं ऊन उतरलं की गारठा पाच मिनिटांत जमिनीत शिरते.

हे ऊन लाइन असतानाही रोज द्या. हाडं अन् पाठ नीट वाढायला जे किरण लागतात ते खिडकीच्या काचेतून आत येत नाहीत. खिडकीत बसवलं म्हणजे ऊन दिलं असं होत नाही. ज्यांच्याकडे अंगण नाही ते यूव्हीबीची ट्यूब आणतात, आणि ती सहा महिने-वर्षात बदलावी लागते, उजेड पडत राहिला तरी तिचा कस जातो. तुमच्याकडे अंगण आहे, फुकट आहे.

पारशिवनी_पोट्टा

शेगडीचं मागे घेतो. पण बकरीच्या पिल्लांचं काय करू मंग?

मौद्याचा_कोंबडीवाला

गोठ्याला तरटाचे पडदे लाव, वरून वितभर हवेला जागा सोड. खाली सोयाबीनचं कुटार जाड टाक, कोरडं, रोज वरचं बदल. पिल्लू आईजवळ ठेव. बकरीच्या अंगात ऊब आहे, ती अडवली की झालं.

संत्राबाग_काटोल

कळवायचं राहिलं होतं. नागपूरला जाऊन आलो. डॉक्टरांनी सर्दी सुरुवातीलाच पकडली म्हणाले, पुढच्या पायात इंजेक्शनं दिली, आम्ही आठवण करून द्यायची गरज पडली नाही. पेटी यांनी अन् आमच्या बागेत येणाऱ्या सुताराने मिळून केली, संत्र्याच्या पेटीवरचा जुना शिक्का तसाच ठेवला आहे पोरीच्या हट्टाने. सिरॅमिक बल्बचा होल्डर खरंच वेगळा निघाला, आधीच सांगितलं नसतं तर पुन्हा आठवडा गेला असता. रात्री थंड टोकाला २६ दिसते, सपरीत तेव्हा ९ असते.

बुडबुडा गेला. काल त्याने शेवग्याच्या काडीचा पाला खाल्ला, काडी तोंडात धरून मान मागे ओढतो, पुढच्या पायाने दाबतो आणि पुन्हा ओढतो. वजन अजून पहिल्याइतकं झालेलं नाही, दहा ग्रॅम कमी आहे. दिराशी बोलणं झालं. पन्नास किलोवर तो म्हणाला, "वहिनी, त्याला अजून खूप वर्षं आहेत." म्हणजे माहीत होतं.

काका, बल्ब कधी काढायचा? होळीला?

मौद्याचा_कोंबडीवाला

काढायचाच नाही. थर्मोस्टॅट लावून ठेवा, फेब्रुवारीत तो स्वतःच कमी लागायला लागेल, होळीनंतर महिनाभर कदाचित लागणारही नाही. पण आपल्याकडे तूर निघाल्यावर, गहू उभा असताना गारपीट होते, अन् मग दोन रात्री अशा थंड येतात की स्वेटर परत काढावं लागते. तेव्हा होल्डर उतरवून माळ्यावर टाकलेला असला तर शोधत बसाल.

मेमध्ये उलटी पंचाईत आहे, ४५ डिग्रीत टिनाखाली ती पेटी भट्टी होईल. तोवर स्लॅबच्या खोलीत हलवा. दहा ग्रॅमची काळजी करू नका, पण कॅलेंडरवर लिहीत राहा. आणि दिराला म्हणा थर्मोस्टॅटचे पैसे पाठव.